अंगणातली बिळं

गेल्या पावसाळ्यात घरापुढच्या अंगणात हौसेनं हिरवळ लावली. दिवाळीच्या सुट्टीत पाहते तर मधोमध ताज्या मातीचा ढीग आणि शेजारी मूठभर रुंदीचं भोक. आठवडाभरात अशी नऊ भोकं झाली. पायरीखालची माती सुटून एक फरशी डुगडुगायला लागली. सासऱ्यांनी ढीग पाहताच निदान केलं, "घूस आहे."

मग सल्ले सुरू झाले. फुटक्या काचा टाका, बाभळीचे काटे कोंबा, मिरचीची धुरी द्या. धान्याच्या गोदामात ठेवतात त्या विषारी गोळ्या मिळवून देतो, असं एक जण म्हणाला. पलीकडच्या गल्लीतले चाचा पेट्रोलची बाटलीच घेऊन आले. बिळात ओतायचं आणि काडी लावायची, झालं काम!

त्यांना मी एक हदीस सांगितली. सफरीत काही सहाबांनी मुंग्यांचं वारूळ जाळलं होतं. ते पाहून हुजूर नाराज झाले. आगीनं शिक्षा देण्याचा हक्क आगीच्या मालकाखेरीज कुणालाही नाही, असा त्या हदीसचा अर्थ आहे. चाचा बाटली घेऊन परत गेले, पण जाता जाता म्हणाले, "उंदीर मारायला तर इजाजत आहे ना?" आहे. एहराममध्ये शिकार हराम असते. तिथंही ज्या पाच उपद्रवी जिवांना मारायची मुभा आहे, त्यांत विंचू, कावळा, घार आणि पिसाळलेल्या कुत्र्याबरोबर उंदीर येतो. त्याला हदीसमध्ये 'फुवैसिका' म्हटलंय, म्हणजे छोटा बदमाश. पेटत्या दिव्याची वात ओढून तो घराला आग लावेल, म्हणून निजताना दिवे विझवायची ताकीदही आहे. म्हणजे मारायला हरकत नाही, पण कसं मारायचं याला कायदा आहे.

चाचांचं समाधान झालं, माझं झालं नाही. बिळात राहणाऱ्या या प्राण्याशी माणसं हजारो वर्षं लढतायत, तर त्यांच्या हाती काय लागलं? सुट्टी होती, पुस्तकं काढली.

आपल्या परंपरेतली सर्वांत जुनी गोष्ट येमेनची आहे. सबा राज्यात मारिब इथं मातीचं सुमारे सहाशे मीटर लांबीचं धरण होतं. त्याच्या पाण्यावर दोन्ही बाजूंना बागा फुलायच्या. कुरआनच्या सूरह सबामध्ये या बागांचा आणि त्या उद्ध्वस्त करणाऱ्या पुराचा उल्लेख आहे. त्यात उंदीर नाही. उंदीर आला मुफस्सिरांच्या लिखाणात. धरण उंदरांमुळे फुटेल असं भाकीत होतं म्हणून लोकांनी जागोजाग मांजरं बांधून ठेवली होती, पण वेळ आली तेव्हा उंदीर मांजरांना भारी पडले आणि त्यांनी बांध आतून पोखरला, असं तिथं सांगितलंय. काही ठिकाणी त्या प्राण्याला 'खुल्द' म्हटलंय. खुल्द म्हणजे जमिनीखाली राहणारा, जवळजवळ आंधळा उंदीर.

ही दंतकथा म्हणून सोडून द्यायला इतिहासकारांकडे कारणं आहेत. शिलालेख सांगतात की धरण एकदा नाही, अनेकदा फुटलं. सहाव्या शतकाच्या मध्यात अबरहानं, म्हणजे हत्तीच्या फौजेच्या गोष्टीतल्या त्याच अबरहानं, त्याची दुरुस्ती करून घेतली. त्याच शतकाच्या उत्तरार्धात ते कायमचं गेलं. गाळ साचत होता, राज्य खिळखिळं झालं होतं, डागडुजीला हात नव्हते. तरी मला ती कथा अगदी खोटी वाटत नाही. मातीच्या बांधात बीळ झालं की त्यातून पाणी वाट काढतं, माती वाहून नेतं आणि भोक आतल्या आत रुंदावत जातं. आजचे धरणांचे अभियंतेही मातीच्या बांधावर बिळं दिसतात का हे तपासतात. बिळं सगळीकडेच होतात. ती वेळेवर बुजवायला कुणी उरलं नाही की बांध जातो.

मुघल काळात आलं की गोष्ट जास्त जवळची होते. १६१६ पासून पंजाबात आणि मग उत्तरेत ताऊनची, म्हणजे प्लेगची, साथ सुरू होती. १६१९ च्या आरंभी ती आग्र्यात होती आणि जहाँगीर फत्तेपूरला थांबला होता. आपल्या आत्मचरित्रात त्यानं आसफखानाच्या मुलीनं सांगितलेली हकीकत लिहून ठेवली आहे.  ती सांगते, एक दिवस अंगणात एक उंदीर आला. पडत होता, उठत होता, दारू प्यायल्यासारखा कुठंही धावत होता. तिनं एका दासीला सांगितलं, तिनं शेपटीला धरून तो मांजरीपुढे टाकला. मांजरीनं आनंदानं झडप घातली आणि लगेच तोंडातून टाकून दिला. दुसऱ्या दिवशी मांजर मरायला टेकली. तोंड उघडून पाहिलं तर जीभ आणि टाळू काळे पडलेले. तिला तिर्याक दिलं, चौथ्या दिवशी ती सावरली. मग त्या दासीला ताप चढला, गाठ आली आणि ती गेली. त्याच घरात आणखी सात-आठ माणसं गेली. तेव्हा आसफखानाच्या मुलीनं घर सोडलं आणि सगळ्यांना घेऊन बागेत मुक्काम हलवला. आधीच आजारी होते ते बागेत वारले, पण तिथं नव्यानं कुणाला गाठ आली नाही. आठ-नऊ दिवसांत सतरा माणसं गेली.

हा परिच्छेद मी चार वेळा वाचला. काय पाहिलं, कोणत्या क्रमानं पाहिलं, जागा बदलल्यावर काय झालं, सगळं नोंदवलंय. दहावीच्या विज्ञानाच्या वहीत याहून चांगलं निरीक्षण मी पाहिलेलं नाही. आणि ते एका बाईचं आहे. तिचं नाव मात्र बादशहानं लिहिलं नाही, बापाचं लिहिलं. साथ थंडीत वाढते आणि उन्हाळा लागला की ओसरते, हेही जहाँगीरनं टिपलंय. त्याचा दरबारी मुतमदखान 'इकबालनामा-ए-जहाँगिरी'त आणखी स्पष्ट बोलतो. साथ येण्याआधी उंदीर वेड्यासारखा बिळातून बाहेर येतो, दारा-भिंतींवर आदळतो आणि मरतो. ही खूण पाहून जे लगेच घर सोडून रानात गेले ते वाचले, जे थांबले त्यांची गावंच्या गावं गेली.

हे ज्ञान फारसी पोथ्यांत अडकून पडलं, असंही नाही. कुमाऊँ-गढवालच्या डोंगरात एकोणिसाव्या शतकातही उंदीर मरायला लागले की लोक गाव रिकामं करायचे. त्यांनी फारसी वाचली नव्हती, घरातली जमीन पाहिली होती.

आता मुंबई. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याची गोदामं, आणि गोदामांवर माणसांची वस्ती. मेलेले उंदीर लोकांना दिसत होते. सरकारचा विश्वास मात्र घाणीवर, कोंदट हवेवर आणि 'दूषित' जमिनीवर होता. गटारांत समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक अॅसिड लाखो गॅलननं सोडलं गेलं. त्यामुळे गटारातला उंदीर घरांकडे पळाला असणार, असं काही अभ्यासक मानतात. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला, मार्चमध्ये जनरल गेटेकरांची प्लेग समिती आली. पथकं घरात घुसू लागली, ऊन आत यावं म्हणून छपराची कौलं काढली गेली, भिंतींवर 'यू. एच. एच.' ही अक्षरं रंगवली गेली. त्याचा अर्थ, माणसांनी राहायला नालायक. उंदरांच्या राहण्याबद्दल भिंतीवर काही लिहिलेलं नव्हतं.

शोधलं गेलं ते माणसांना. काखेत आणि जांघेत गाठी तपासणं, पडदानशीन बायकांना परक्या पुरुषांनी पाहणं, रोग्याला उचलून इस्पितळात नेणं. पुण्यात जून १८९७ मध्ये रँडचा खून झाला, ते शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. मदनपुऱ्याचं कुणी वाचलेलं नसतं. ९ मार्च १८९८ रोजी तिथल्या जुलाहा विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीवरून पथकाशी झटापट झाली, ती दंगल शहरभर पसरली, गोळीबार झाला. हे विणकर उत्तरेतून आलेले, मागावर पोट असलेले लोक. मुसलमान अडाणी होते, म्हणून उपचारांना विरोध करत होते, असं अजूनही कुणी सहज लिहून जातं. त्याच काळात आगाखान तिसरे यांनी लोकांसमोर हाफकिन यांची लस टोचून घेतली होती आणि प्रयोगशाळेसाठी आपली खुश्रू लॉज ही वास्तू दिली होती. तेही मुसलमानच होते. मदनपुऱ्याची भीती लशीची नव्हती, दारात उभ्या शिपायाची होती.

त्याच वर्षी, १८९८ मध्ये, कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं उंदराच्या अंगावरची पिसू रोग नेते हे दाखवलं. बरीच वर्षं त्याला कुणी मानलं नाही. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत प्लेग संशोधन आयोगानं मुंबईतले लाखाच्या वर उंदीर तपासले, तेव्हा क्रम उलगडला. आधी मरायचा जमिनीत बीळ करणारा, गटाराकाठचा तपकिरी उंदीर. साधारण दहा दिवसांनी घरातला काळा उंदीर. त्यानंतर माणसं. अंगणातून घरात, घरातून अंगावर. आसफखानाच्या मुलीनं हाच क्रम सांगितला होता, फक्त पिसू तिला दिसली नव्हती. हिंदुस्तानात या साथीनं पुढच्या दोन-तीन दशकांत एक कोटीच्या आसपास माणसं नेली.

उंदीर दोषी ठरल्यावर उंदीर मारायची लाट आली. याच जागतिक साथीत, १९०२ मध्ये, हनोईच्या फ्रेंच सरकारनं दर शेपटीमागे पैसे जाहीर केले. शेपट्यांचे ढीग जमले आणि शहरात बिनशेपटीचे उंदीर फिरू लागले. लोक शेपटी कापून उंदीर सोडून देत होते, पिल्लं झाली तर धंदा चालू राहावा म्हणून. काहींनी तर उंदीर पाळायला घेतले. नुसतं मारून उंदीर संपत नाही याचं आणखी एक साधं कारण आहे. खायला असेल तितके उंदीर असतात. दहा मेले की उरलेल्यांना जास्त मिळतं, त्यांची जास्त पिल्लं जगतात.

म्हणून आमच्या अंगणात पहिला प्रश्न विचारला तो खाण्याचा. घूस इथं खाते काय? उत्तर मागच्या बाजूला होतं. सासूबाईंच्या कोंबड्यांचा खुराडा, आणि त्याखाली रात्रभर सांडलेली कणी. वर हिरवळीला रोज पाणी, त्यामुळे माती लोण्यासारखी मऊ. आपणच दस्तरखान अंथरला होता. कणी आता पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात गेली, खुराडा विटांवर उचलला, पाणी दिवसाआड केलं. पायरीच्या कडेनं हातभर खोल चर खणून बारीक जाळी पुरली, खाली बाहेरच्या अंगाला वळवून, म्हणजे खणत आलेली घूस तिथं अडते. पिंजरा लावलाय, त्यात सुक्या बोंबलाचा तुकडा.

गोळ्यांना मी साफ नाही म्हटलं. अॅल्युमिनियम फॉस्फाइडला ओल लागली की फॉस्फीन वायू सुटतो, आणि बिळाची दुसरी वाट कुणाच्या निजायच्या खोलीखाली निघते ते वरून कळत नाही. या गोळ्यांनी घरातली निजलेली मुलं गेल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. जाणकारांच्या देखरेखीशिवाय त्या वापरायच्याच नाहीत. गल्लीत कुणी पुडी दिली तर घेऊ नका.

कुठली बिळं चालू आहेत हे ओळखायची रीत शेतकरी वापरतात तीच. संध्याकाळी सगळी मातीनं बुजवायची आणि सकाळी उघडी किती ते मोजायचं. पहिल्या दिवशी नऊपैकी सात उघडली होती. काल सकाळी दोन.