आप्पांची वाचा कुठे गेली?

एप्रिल 1861. तुम्ही एरंडोलला, पांडववाड्यापासून हाकेच्या अंतरावर एका दुकानदाराच्या ओसरीवर बसला आहात. चैत्राचं ऊन तापलंय. जळगावला आगगाडी अजून यायची आहे. याच आठवड्यात तिकडे अमेरिकेत यादवीची पहिली तोफ डागली गेली. तिच्यापायी खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव येणार आहे. पण ती बातमी बोटीने यायची, म्हणजे अजून कित्येक आठवडे.

या घराला आज भावाचं काही पडलेलं नाही. दुकानदार आप्पांच्या अंगावरून वारं गेलंय. उजवा हात लुळा, उजवा पाय लुळा आणि वाचा बंद.

"आप्पा, मनं नाव काय शे?" मुलगा पुन्हा विचारतो. आप्पा त्याच्याकडे रोखून बघतात, ओठ जुळवतात. "ब... ब..." एवढंच. कुणीतरी त्यांच्या डाव्या हातात बोरू देतं, समोर गावातच बनलेला जाडाभरडा कागद ठेवतं. जन्मभर मोडीत वह्या लिहिलेला माणूस, पण कागदावर नुसती रेघोटी उमटते. शेजारी म्हणतात बाहेरचं आहे, वैद्य म्हणतात पक्षाघात. दिवेलागणीला हरिपाठ सुरू होतो आणि आप्पांच्या तोंडून सबंध ओळ बाहेर पडते, सुरात, स्वच्छ. सून हात जोडते. तिला हा चमत्कार वाटतो.

आता इथून उठा आणि याच आठवड्यात पॅरिसला चला.

बिसेत्र इस्पितळातल्या खाटेवर लेबोर्न नावाचा 51 वर्षांचा रुग्ण आहे. तिशीत त्याची वाचा गेली. पुढे उजवा हात गेला, मग पाय. काहीही विचारा, उत्तर एकच: "तान, तान." सगळं इस्पितळ त्याला तान म्हणूनच ओळखतं. पायाला भयंकर संसर्ग झाल्याने त्याला शल्यचिकित्सक पॉल ब्रोकांकडे आणलंय. ब्रोका विचारतात, इथे किती वर्षं झाली? तो डावा पंजा उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. असा चार वेळा. मग एकच बोट वर करतो. एकवीस. हिशोब बरोबर आहे! ब्रोका तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, तेव्हा आपली परीक्षा चालली आहे हे ओळखून तो चिडतो. तुम्ही हे जवळून बघा. शब्द नसलेला हा माणूस मोजतो आहे, समजतो आहे, अपमानही ओळखतो आहे.

17 एप्रिलला तो जातो. दुसऱ्याच दिवशी ब्रोका त्याचा मेंदू पॅरिसच्या मानववंशशास्त्र मंडळापुढे ठेवतात. डाव्या बाजूला, कपाळामागच्या भागातली एक वळी सडलेली. त्याआधी गाल नावाच्या वैद्याने कवटीच्या उंचवट्यांवरून स्वभाव सांगण्याचं खूळ काढलं होतं. ते फोल ठरलं, आणि मेंदूत कामांच्या जागा ठरलेल्या असतात हे म्हणणंच अनेकांना संशयास्पद वाटू लागलं. इथे मात्र पुरावा समोर होता. डावा मेंदू उजवं अंगही हलवतो; म्हणून आप्पांची वाचा आणि उजवा हात एकदमच गेले.

पण गोष्ट इथे संपवू नका. 1874 मध्ये कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरने दाखवलं की मेंदूचा आणखी मागचा भाग दुखावला तर माणूस घडाघडा बोलतो, पण त्याला इतरांच्या बोलण्याचा अर्थ लागत नाही. लेबोर्नचा मेंदू ब्रोकांनी न कापता जपून ठेवला होता. 2007 मध्ये त्याच्या एमआरआयचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा इजा खूप आतपर्यंत, वेगवेगळ्या भागांना जोडणाऱ्या तंतूंपर्यंत गेलेली दिसली. जणू विहिरीत पाणी असतं, पण पाट फुटलेला असतो. जागा आहेत हे खरं. पण बोलणं एका जागेत राहत नाही, ते अनेक जागांच्या जोडणीतून घडतं. पाठांतर आणि गाणं मेंदूच्या इतर भागांच्या आधारानेही निघू शकतं, म्हणून आप्पांचा हरिपाठ शाबूत राहिला. 1970 च्या दशकात बोस्टनच्या तज्ज्ञांनी याच धाग्यावरून सुरातून बोलणं शिकवण्याची उपचारपद्धत बसवली.

आता आजच्या एरंडोलला या. आजही वाचा गेलेल्या माणसासमोर घरचे लोक त्याच्या शेतीच्या वाटणीचं बोलतात, त्याला काही कळत नाही असं धरून. बहुतेकदा त्याला कळत असतं, आणि हे मला सगळ्यात जास्त खुपतं.

म्हणून दोन गोष्टी करा. कुणाचं तोंड अचानक वाकडं झालं, हात उचलेना, जीभ जड झाली, तर अंगारा-धुपाऱ्यात वेळ घालवू नका, लगेच 108 ला फोन करा. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं. आणि वाचा गेलीच, तर वाचा-उपचार सुरू करा आणि त्या माणसाशी बोलत राहा. हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारा आणि त्याला उत्तराला वेळ द्या.