नेस्तोर अल्मेंद्रोस : एका छायालेखकाची देशांतरे

चित्रपटगृहातून बाहेर पडताना आपण नटनटींची नावे घेतो, फार तर दिग्दर्शकाचे घेतो. ज्याने ते चित्र प्रत्यक्ष टिपले त्याचे नाव पडद्यावरून सरकते आणि मनातूनही जाते. ‘संत तुकाराम’ (१९३६) म्हटले की विष्णुपंत पागनीस डोळ्यांपुढे उभे राहतात, छायालेखक व्ही. अवधूत यांचे नाव आपल्यापैकी किती जण सांगतील? नेस्तोर अल्मेंद्रोस हा स्पॅनिश छायालेखक अशाच पडद्यामागच्या जमातीतला. कामगार चळवळीत वावरणाऱ्या माझ्यासारख्याने याच्याविषयी का बोलावे, ते ओघाने येईल.

अल्मेंद्रोसचा जन्म १९३० सालचा, बार्सिलोनाचा. वडील एर्मिनियो हे शाळा-तपासनीस होते. शाळेत छोटा छापखाना ठेवावा आणि मुलांनी आपले लेखन आपणच छापावे, ही फ्रेने नावाच्या फ्रेंच शिक्षकाची पद्धत स्पेनमध्ये रुजविणाऱ्यांत ते होते. असा मनुष्य फ्रँकोच्या राज्यात टिकणे शक्य नव्हते. १९३९ साली यादवी युद्ध संपले आणि एर्मिनियो परागंदा होऊन क्यूबात गेले. मुलगा त्यांच्याकडे पोहोचला तो १९४८ मध्ये. हवानात त्याला तोमास गुत्येर्रेस आलेया हा जिवाभावाचा सोबती मिळाला. दोघांनी १९५० साली मिळून एक लघुपट केला. पुढे न्यूयॉर्क आणि रोम येथे त्याने चित्रपटाचे शिक्षण घेतले. १९५९ साली बातिस्ताची हुकूमशाही कोसळली, आणि नव्या क्यूबासाठी काम करावयास तो परतला.

तेथे शेतकऱ्यांवर माहितीपट करताना त्याला जे सापडले ते त्याला जन्मभर पुरले. खेड्यातल्या झोपडीत वीज नव्हती. मग बाहेर आरसा धरावयाचा, ऊन आत वळवावयाचे, ते भिंतीवर वा छतावर पाडावयाचे आणि परतून आलेल्या मऊ उजेडात माणसे टिपावयाची! परतलेल्या उजेडाची ही युक्ती आपल्याकडे सुब्रत मित्र यांनी ‘अपराजितो’त (१९५६) कापड ताणून साधली होती. एकमेकांपासून हजारो मैलांवर दोघे तंगीतूनच तेथे पोहोचले, याचे मला तरी फारसे नवल वाटत नाही.

१९६१ मध्ये ‘पी. एम.’ हा लघुपट क्यूबाच्या सरकारने दाखवू दिला नाही. हवानातली सामान्य माणसे रात्री पितात, नाचतात, एवढाच त्याचा विषय. अल्मेंद्रोस तेव्हा एका साप्ताहिकात चित्रपट-परीक्षणे लिहीत असे. त्याने लघुपटाची बाजू घेतली, आणि ते काम गेले. त्याने पॅरिसची वाट धरली. वडील मात्र क्यूबातच राहिले, तेथल्या शिक्षणाची सेवा करीत १९७४ साली हवानातच वारले. दोघांनाही परागंदा व्हावे लागले. पण बापाला आसरा देणाऱ्या देशातूनच मुलाला निघावे लागले.

पॅरिसमध्ये एरिक रोमेरच्या एका लघुपटाचे चित्रण चालू असताना कॅमेरामन निघून गेला. बघ्यांत उभा असलेला अल्मेंद्रोस पुढे झाला आणि म्हणाला, मी कॅमेरामन आहे. तेथून रोमेर आणि त्रूफो यांच्याबरोबर ‘माय नाइट ॲट मॉड्स’ (१९६९), ‘द वाइल्ड चाइल्ड’ (१९७०) असे चित्रपट त्याने टिपले. खिडकीचे ऊन, मेणबत्ती, जो उजेड त्या जागी असेल तोच वापरावयाचा, हा त्याचा बाणा.

हाच बाणा घेऊन १९७६ साली तो टेरेन्स मॅलिकच्या ‘डेज ऑफ हेवन’साठी कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात गेला. कथा १९१६ सालची : शिकागोच्या पोलाद कारखान्यातला एक मजूर टेक्ससच्या शेतावर गहू-कापणीला जातो. सूर्य बुडाल्यावर आकाशात जेमतेम वीस-पंचवीस मिनिटे जो उजेड रेंगाळतो, त्यात यातला मोठा भाग घेतलेला आहे. दिवसभर तयारी, आणि त्या वीस मिनिटांत सगळ्यांची धावपळ. टोळधाडीसाठी हेलिकॉप्टरमधून शेंगांची टरफले खाली सोडली आणि फिल्म उलटी फिरविली. नटांना उलटे चालावयास लावले, म्हणजे पडद्यावर टोळ वर उडताना दिसतात.

पण तंत्रज्ञ कुरकुरू लागले. दिवे आणलेले असून हा मनुष्य ते विझवा म्हणतो! याला काम येत नाही, अशी त्यांची समजूत झाली आणि काहींनी काम सोडले. चित्रपटाविषयी लिहिणारे या मंडळींना हसतात. मला हसू येत नाही. दिवा नको म्हटले की दिवेवाला नको हे ओघानेच येते, आणि नवी पद्धत साचेवाल्याला प्रथम पगारातच जाणवते, हे गिरणगावात कुणाला सांगावयास नको. अल्मेंद्रोसचा उजेड सुंदर होता, आणि त्या मंडळींची भीतीही खोटी नव्हती. दोन्ही गोष्टी मी एकदम खऱ्या धरतो.

त्रूफोचा चित्रपट आधी कबूल केला असल्यामुळे अल्मेंद्रोस मध्येच परतला. उरलेले काम हॅस्केल वेक्सलरने केले. त्याला ‘अतिरिक्त छायालेखन’ एवढेच श्रेय मिळाले. पुढे स्टॉपवॉच घेऊन तो चित्रपटगृहात बसला, आणि निम्म्याहून अधिक भाग आपला आहे असे त्याने मोजून दाखविले! १९७९ साली ऑस्कर मिळाले ते अल्मेंद्रोसला. आमच्याकडे तुकड्यावर मजुरी घेणारा माणूस वेक्सलरची तक्रार चटकन समजेल. ‘क्रेमर व्हर्सेस क्रेमर’, ‘सोफीज चॉइस’ वगैरे पुढचे चित्रपट प्रसिद्धच आहेत.

मला अधिक अडते ते १९८४ सालच्या ‘इम्प्रॉपर कंडक्ट’ या माहितीपटापाशी. ‘पी. एम.’च्या दोघा कर्त्यांपैकी ओर्लान्दो हिमेनेस लेआल याच्याबरोबर त्याने तो दिग्दर्शित केला. १९६५ ते १९६८ या काळात क्यूबात समलिंगी पुरुष, धर्मनिष्ठ माणसे आणि इतर ‘नकोशा’ तरुणांना लष्करी शिबिरांत कामास जुंपले होते. त्या शिबिरांच्या सरकारी नावातच ‘उत्पादन’ हा शब्द होता. आपण ज्या शब्दांना मान देतो, श्रम, उत्पादन, त्यांचीच शिक्षा केलेली! आमच्या वर्तुळात क्यूबाचे नाव आदराने घेतले जाते. शाळा, दवाखाने यांसाठी तो आदर मला आजही योग्य वाटतो. तथापि त्या शिबिरांविषयी गप्प बसून तो राखावा, हे मला मान्य नाही. आलेयाने या चित्रपटावर जाहीर टीका केली. जुने मित्र छापील पानांतून भांडले. मात्र क्यूबात समलिंगी माणसाला कसे वागविले गेले हे दाखविणारा ‘स्ट्रॉबेरी अँड चॉकलेट’ १९९३ साली याच आलेयाने, हुआन कार्लोस ताबियोच्या साथीने, हवानात बसून केला.

अल्मेंद्रोसला तो पाहावयास मिळाला नाही. ४ मार्च १९९२ रोजी न्यूयॉर्कमध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, तो वारला होता. फिदेल कास्त्रोने त्या अन्यायाची जबाबदारी आपल्याकडे घेतली ती २०१० साली, एका मेक्सिकन दैनिकाला मुलाखत देताना.