पंचवीस मिनिटांच्या लढतीत श्वासाचा हिशेब

मिश्र मार्शल आर्ट्स अर्थात एमएमए या क्रीडाप्रकाराची ओळख प्रेक्षकांना बहुधा एका ठोशात संपणाऱ्या लढतींमुळे होते. व्यावसायिक लढवय्याच्या तयारीतील मोठा भाग मात्र त्याहून निराळ्या प्रश्नावर खर्च होतो. तो प्रश्न म्हणजे, अंगातील ताकद कधी वापरायची आणि कधी राखून ठेवायची. कुस्तीच्या आखाड्यात ज्याला दमसास म्हणतात, तोच येथेही अनेकदा निकाल ठरवतो.

नियमांमुळे बदललेले गणित

अमेरिकेतील डेन्व्हर येथे १२ नोव्हेंबर १९९३ रोजी यूएफसीची पहिली स्पर्धा झाली, तेव्हा आजच्यासारखी गुणपद्धती नव्हती. एप्रिल १९९५ मध्ये रॉयस ग्रेसी आणि केन शॅमरॉक ३६ मिनिटे झुंजले आणि लढत बरोबरीत सुटली. अशा लढतीत वाट पाहणे हाच डाव ठरे. पुढे २०००-०१ च्या सुमारास न्यूजर्सी राज्यात एकत्रित नियम आकाराला आले. आज सर्वसाधारण लढत पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांची, तर विजेतेपदाची लढत पाच फेऱ्यांची असते. दोन फेऱ्यांमध्ये एक मिनिटाची विश्रांती मिळते. प्रत्येक फेरीचे गुण स्वतंत्र दिले जातात आणि फेरी जिंकणाऱ्यास सामान्यतः १०, तर हरणाऱ्यास ९ गुण मिळतात. त्यामुळे दम केवळ लढतीभर नव्हे, तर फेरीफेरीने वाटून वापरावा लागतो.

शरीर कसे थकते?

पूर्ण ताकदीच्या हल्ल्यासाठी स्नायूंत साठलेली तात्काळ ऊर्जा साधारण दहा सेकंदांत संपत येते. त्यानंतरही जोर तसाच ठेवल्यास स्नायू जड होतात, पकड सैल पडते आणि हात खाली येतात. ही ऊर्जा पुन्हा भरून निघते ती प्राणवायूच्या साहाय्याने. म्हणूनच लढतीपूर्वीच्या सराव शिबिरात आरंभी संथ आणि दीर्घ धावण्यावर किंवा सायकलिंगवर भर असतो. नंतर पाच मिनिटांच्या फेऱ्यांचा सराव सुरू होतो. त्यात अनेकदा थकलेल्या खेळाडूसमोर ठराविक वेळाने ताज्या दमाचा नवा जोडीदार उभा केला जातो. शेवटच्या आठवड्यात मात्र मेहनत मुद्दाम कमी केली जाते.

थकवण्याचे डाव

स्वतःचा दम राखणे हा डावपेचांचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा प्रतिस्पर्ध्याचा दम काढण्याचा. त्याला जाळीशी दाबून आपल्या शरीराचा भार त्याच्यावर टाकणे, पोटावर ठोसे मारणे, मांडीवर वारंवार लाथ मारणे, हे डाव त्यासाठीच असतात. त्यांचे फळ लगेच दिसत नाही. ते पुढच्या फेऱ्यांत मिळते. ऑक्टोबर २०१८ मध्ये खबीब नूरमागोमेडोव्हने कॉनर मॅकग्रेगरला पहिल्या दोन फेऱ्यांत जमिनीवर आणून दमवले. तिसरी फेरी पंचांनी मॅकग्रेगरला दिली. परंतु चौथ्या फेरीत मानेवरील पकडीपुढे त्याला शरण यावे लागले.

मॅकग्रेगरने हा धडा त्यापूर्वीही घेतला होता. मार्च २०१६ मध्ये नेट डायझविरुद्ध त्याने सुरुवातीलाच जोरकस ठोशांची उधळण केली आणि दुसऱ्या फेरीत थकून तो पराभूत झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमधील फेरलढतीसाठी त्याने दमाची स्वतंत्र तयारी केली. पाचही फेऱ्या टिकून त्याने पंचांच्या बहुमताने विजय मिळवला.

ठिकाणाचाही हिशेब मांडावा लागतो. समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवरील मेक्सिको सिटीत जून २०१५ मध्ये केन व्हेलास्केझ आणि फॅब्रिसियो वेर्डुम आमनेसामने आले. विरळ हवेची सवय व्हावी म्हणून वेर्डुमने व्हेलास्केझपेक्षा बऱ्याच आधीपासून उंचावर सराव केला होता. एरवी अथक वेगासाठी प्रसिद्ध असलेला व्हेलास्केझ तेथे दमला आणि तिसऱ्या फेरीत वेर्डुमच्या गळपकडीत सापडला.

अर्थात, आघाडी राखणे म्हणजे विजय नव्हे. ऑगस्ट २०२२ मध्ये सॉल्ट लेक सिटी येथे कामारू उस्मान गुणांवर स्पष्टपणे पुढे होता. पाचव्या फेरीचे एक मिनिटही उरले नसताना लिऑन एडवर्ड्सच्या डोक्यावरील एका लाथेने विजेतेपद हातचे गेले.

प्रश्न केवळ गुणांचा नाही

थकलेल्या खेळाडूचे हात खाली आले की डोके उघडे पडते. त्यामुळे दमाचा हिशेब हा सुरक्षिततेचाही विषय आहे. खालच्या वजनगटात बसण्यासाठी शरीरातील पाणी घटवण्याची प्रथा हा धोका वाढवते. डिसेंबर २०१५ मध्ये मनिला येथील स्पर्धेपूर्वी वजन घटवताना एका तरुण चिनी खेळाडूचा मृत्यू झाला. त्यानंतर वन चॅम्पियनशिप या आयोजक संस्थेने शरीरातील पाण्याच्या पातळीची तपासणी सुरू केली. आपल्या खेळाडूचा दम संपला आहे आणि तो स्वतःचा बचाव करू शकत नाही, हे प्रतिस्पर्ध्याच्या आधी ओळखून लढत थांबवणे, ही कोपऱ्यात उभ्या असलेल्या प्रशिक्षकाची सर्वांत मोठी जबाबदारी मानली जाते.