हौद्यात उतरण्यापूर्वी
तालमीत नवा पोर आला, की वस्ताद त्याला लगेच डाव शिकवीत नसे. आधी फावडे हाती! हौद्याची माती खणायची, मग जोर नि बैठका. मान, खांदे, कंबर भरल्यावर जोडी मिळे. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान उभारले. तेथल्या मल्लांना राजाश्रय होता, म्हणजे दूधतूपही होते. आमच्या लांज्याकडून मुंबईला गेलेला गडी मात्र दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत साच्यापुढे उभा. त्याने जोर केव्हा काढावे? नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने १८९० साली रविवारची सुटी मिळविली. त्या रविवारनेच कित्येकांना तालमीची वाट दाखविली, असे आम्ही मानतो. खुराकाचा प्रश्न तेवढा राहिलाच.