रथांगांचें शुल्क : जुन्या मोटारींच्या सुट्या भागांविषयीं

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत शुल्काध्यक्षाचें प्रकरण आहे. त्यांत शस्त्रें, कवचें, धातु, रत्नें, धान्य व पशु यांच्याबरोबर रथही देशाबाहेर नेण्यास मना केलेला आहे. आणि तोच बाहेरून आणल्यास त्याची विक्री नगराबाहेर शुल्कावांचून व्हावी, असें म्हटलें आहे. प्रस्तुत लेखांत आम्ही ज्या रथांचा विचार करणार आहों ते पेट्रोलवर चालणारे असून त्यांचीं अंगें सुटीं होऊन समुद्र ओलांडतात. संशोधनाच्या त्रैमासिकांत हा विषय कशास, असें कोणी विचारील. परंतु जुन्या मोटारीचा दिवा परदेशीं पाठविणारा संग्राहक आणि पोथीचीं पत्रें पाठविणारा संग्राहक या दोघांच्याही मालाचें नांव जकातदार एकाच कोष्टकांत शोधतो.

हें कोष्टक १४ जून १९८३ रोजीं ब्रुसेल्स येथें झालेल्या करारानें ठरलें व १ जानेवारी १९८८ पासून, म्हणजे शके १९०९ मध्यें, अमलांत आलें. त्याची देखरेख करणारी संस्था १९५२ पासूनची असून १९९४ पासून ती जागतिक सीमाशुल्क संघटना या नांवानें ओळखली जाते. संकेतांक सहा आंकड्यांचा : पहिले दोन अध्यायाचे, पुढचे दोन शीर्षकाचे, शेवटचे दोन पोटशीर्षकाचे. त्यापुढें प्रत्येक देश आपापले आंकडे जोडतो. हिंदुस्थानांत ते एकूण आठ होतात.

मोटारीचा कोणताही भाग म्हणजे शीर्षक ८७०८, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी होय. बंपर, रेडिएटर, गतिचक्राची पेटी हे भाग तेथें जातात खरे. पण कार्बुरेटर ८४०९ मध्यें, ठिणगी पाडणारा मॅग्नेटो ८५११ मध्यें, विजेचा दिवा व भोंगा ८५१२ मध्यें, वेगमापक ९०२९ मध्यें, फळीवरचें घड्याळ ९१०४ मध्यें आणि बैठक ९४०१ मध्यें पडते. नवा टायर ४०११, वापरलेला ४०१२. पोलादी पाटे ७३२० मध्यें, कुलूप ८३०१ मध्यें. मागचें पाहण्याचा आरसा कांचेच्या अध्यायांत ७००९ खालीं. स्क्रू व नट यांस तर, ते कितीही दुर्मिळ गाडीचे असोत, वाहनाच्या वर्गांत प्रवेशच नाहीं. रथकारास जेथें रथांग दिसतें तेथें जकातदारास रबर, कांच व पोलाद दिसतें. एकाच पेटींत दहा वस्तु असल्या तर दहा संकेतांक आणि बहुधा तितकेच दर, हें पाठविणाऱ्यानें आधींच समजून असावें.

आतां आमच्या वाचकांच्या खऱ्या जिव्हाळ्याचा अध्याय, ९७ वा. त्यांतील ९७०५ हें शीर्षक ऐतिहासिक वगैरे महत्त्वाच्या संग्राह्य वस्तूंचें, व ९७०६ हें शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचें. या अध्यायाची टीप अशी कीं, जी वस्तु येथें बसते ती इतरत्र घालूं नये. म्हणजे वर सांगितलेलीं सारीं शीर्षकें येथें मागें पडतात. शंभर वर्षांवरील छापील ग्रंथ ज्या शीर्षकांत जातो त्याच शीर्षकांत तितकाच जुना पितळी दिवाही जाऊं शकतो. २०२२ च्या आवृत्तींत अडीचशें वर्षांवरील वस्तूंस निराळें पोटशीर्षक मिळालें. मोटारीस त्याचा उपयोग होण्यास पुष्कळ काळ जावा लागेल.

शंभर वर्षें भरलीं नाहींत तर काय, हा प्रश्न युरोपीय न्यायालयापुढें आला. १९८५ च्या निर्णयांत संग्राह्य वस्तूचीं लक्षणें सांगितलीं तीं कडक होतीं : वस्तु तुलनेनें दुर्मिळ असावी, मूळ कामासाठीं सामान्यतः वापरांत नसावी, तिचा व्यवहार नेहमींच्या बाजाराबाहेर होत असावा व तिचें मूल्य मोठें असावें. १९९८ मध्यें खुद्द मोटारीचा वाद आला, तेव्हां न्यायालयानें असें गृहीत धरण्यास मोकळीक दिली कीं, मूळ स्थितींतील, किमान तीस वर्षांची व उत्पादन बंद झालेल्या नमुन्याची गाडी ऐतिहासिक महत्त्वाची आहे. पुढें युरोपीय संघाच्या स्पष्टीकरणात्मक टीपांनीं हाच न्याय सुट्या भागांसही लावला. मात्र भाग अस्सल हवा. नव्यानें घडविलेली नक्कल, ती कितीही हुबेहूब असो, येथें येत नाहीं.

या ठिकाणीं आम्हांस एक अडचण दिसते. संग्राहक भाग विकत घेतो तो बहुधा गाडींत पुन्हां बसविण्यासाठीं. म्हणजे मूळ कामासाठींच. १९८५ चें दुसरें लक्षण अक्षरशः घेतलें तर असा भाग बाद व्हावा. तीस वर्षांची मर्यादाही आम्हांस फार सैल वाटते. त्या हिशेबानें आमच्या शाळेंतील पुष्कळसें सामान ऐतिहासिक ठरेल. तथापि अस्सल व नक्कल यांतील भेद जकातीनें मानावा, हें दप्तरें चाळणाऱ्यास पटण्यासारखें आहे.

या भेदावर पैसा किती अवलंबून आहे, तेंही पाहावें. युरोपीय संघांत मोटारीवर सामान्य आयात जकात शेंकडा १०, ८७०८ मधील भागांवर बहुधा ३ ते ४.५, ९७०५ व ९७०६ वर कांहीं नाहीं. शिवाय आयातीवरील मूल्यवर्धित कर ब्रिटनमध्यें शेंकडा २० ऐवजीं ५ व जर्मनींत १९ ऐवजीं ७ पडतो. म्हणून भागाचें वय, नमुना व अस्सलपणा दाखविणारा कागद पेटीबरोबर असावा : निर्मात्याचा क्रमांक, जुनी सूची, छायाचित्र. मोघमपणें ‘जुनें लोखंड’ लिहून किंमत कमी दाखविण्याचा मोह नवा नाहीं. शुल्काच्या भयानें प्रमाण वा मूल्य कमी सांगणाऱ्यास कौटिल्यानें वरकड माल जप्त किंवा आठपट शुल्क असा दंड लिहून ठेविला आहे.

हिंदुस्थानांतून बाहेर पाठवितांना मात्र प्रश्न दरापूर्वीं परवानगीचा येतो. १९७२ च्या पुरावस्तु कायद्यानें शंभर वर्षें झालेल्या ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तूची, व पंचाहत्तर वर्षें झालेल्या महत्त्वाच्या हस्तलिखिताची, खासगी निर्यात बंद केली आहे. त्यामुळें १९२० सालचा एखादा दिवा परदेशीं ‘पुरातन’ म्हणून जकातमाफ होण्यास जें वय उपयोगी पडतें, तेंच येथून निघतांना आडवें येऊं शकतें. वस्तु पुरावस्तु आहे कीं नाहीं असा वाद पडल्यास तो पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालकाकडे किंवा त्यानें अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याकडे जातो, व त्याचा निर्णय अखेरचा असतो.