एका तारखेची सरहद्द

देशाची फाळणी झाली म्हणजे नकाशावर रेघ उमटते, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु ती रेघ माणसाच्या आयुष्यातून कोठून गेली, हे पाहावयाचे तर कायद्याचे कागदच उघडावे लागतात. ठाणे जिल्ह्यात अंबरनाथजवळच्या मोरिवलीच्या आसपास पसरलेली उल्हासनगरची वस्ती हे याचे ठळक उदाहरण होय.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणनजीक लष्कराने छावण्या उभारल्या होत्या. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली आणि सिंधी हिंदूंचा उरलासुरला धीर सुटला. सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर निर्वासितांची सोय ह्याच छावण्यांच्या बराकींत झाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते येथे कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले.

हे लोक परके होते काय? सिंध १८४७ पासून १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता. कराचीचा व्यापारी व ठाण्याचा शेतकरी एकाच गव्हर्नरच्या अमलाखाली नांदत होते. प्रांत वेगळा झाल्यावर अवघ्या अकरा वर्षांत तेथे दुसरे राष्ट्र उभे राहिले.

दोन्ही सरकारांनी पैशाचा प्रश्न त्वरेने हाती घेतला. एकाच उत्पन्नावर दोनदा कर बसू नये म्हणून डिसेंबर १९४७ मध्येच त्यांच्यात करार झाला. प्रत्येक देशाने आपल्या कायद्याने कर आकारावा. मात्र कोणत्या उत्पन्नाचा किती हिस्सा कोणाचा, हे परिशिष्टात ठरलेले असावे आणि त्याहून अधिकावर कर बसल्यास सूट मिळावी, अशी ही योजना होती. जकातीच्या बाबतीत मात्र १ मार्च १९४८ पासून दोन्ही देश एकमेकांस परदेश झाले.

माणसाविषयी असा करार झाला नाही. १९२३ मध्ये ग्रीस व तुर्कस्तान यांनी लोकसंख्येची अदलाबदल ठरविली, तेव्हा येणाऱ्यास नव्या देशाचे राष्ट्रीयत्व पोचताक्षणी मिळावे असे करारातच लिहिले. ती अदलाबदल सक्तीची व क्रूर होती. पण पोचलेला मनुष्य कोणाचा, ह्याविषयी तीत संदिग्धता नव्हती. आमच्याकडे हे काम राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने केले. स्वतः, आईबापांपैकी वा आजाआज्यांपैकी कोणी अखंड हिंदुस्थानात जन्मलेले असले आणि मनुष्य १९ जुलै १९४८ पूर्वी येऊन येथेच राहिला, की तो नागरिक. त्या दिवशी परवाना पद्धती सुरू झाली होती. त्यानंतर येणाऱ्याने सहा महिने येथे राहून, घटना अमलात येण्यापूर्वी अर्ज करून नोंदणी करावयाची होती. म्हणजे जो जुलै १९४९ संपल्यावर आला, त्याला हे दार बंदच होते. त्याची वाट १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने मोकळी केली.

ह्यातील विसंगती आम्हांस महत्त्वाची वाटते. प्राप्तिकर निवासावर बसतो, मताचा हक्क नागरिकत्वावर. एकाच बराकीत एक भाऊ १९४८ च्या जूनमध्ये व दुसरा १९४९ च्या ऑगस्टमध्ये आला असेल, तर कराच्या दृष्टीने दोघे सारखेच. घटनेच्या दृष्टीने मात्र एक नागरिक व दुसरा उमेदवार. मागे राहिलेल्या घरादाराचे तर त्याहून वाईट झाले. जानेवारी १९४९ मध्ये कराचीत मालमत्तेविषयी समझोता झाला, पण तो तडीस गेला नाही. अखेर १९५४ च्या कायद्याने भारत सरकारने निर्वासितांच्या मालमत्तेचा येथील साठा व स्वतःची तिजोरी यांतून भरपाई दिली.

मर्यादेची तारीख कोठेतरी असावीच लागते, हे आम्ही मान्य करतो. परंतु रुपयावर दोनदा कर बसू नये ह्याची जी काळजी दोन राष्ट्रांनी चार महिन्यांत मिळून घेतली, ती माणूस दोन्हीकडून परका ठरू नये ह्यासाठीही घेतली असती, तर लाखभर लोकांचा पहिला मुक्काम इतका अनिश्चित राहिला नसता. राष्ट्राराष्ट्रांतील करारांचे मोल करताना हीच कसोटी आम्ही पुढे ठेवू.