हाकेला ओ

आडाचे पाणी किती खोल आहे हे पाहायचे तर आपण आत खडा टाकतो आणि कान देऊन उभे राहतो. ‘डुबुक्’ कधी ऐकू येते, त्यावरून अंदाज बांधतो. श्रोतेहो, संगणकांच्या जाळ्याची परीक्षा करण्याची एक रीत अशीच आहे. तिचे नाव ‘पिंग’.

गोष्ट १९८३च्या डिसेंबरातली. अमेरिकेत मेरीलँड राज्यातील लष्करी संशोधनशाळेत माइक म्यूस हे तरुण संशोधक काम करीत. तेथले जाळे विचित्र वागू लागले. दोष आपल्या यंत्रात, मधल्या तारेत, की पलीकडे? कळावे कसे?

एका यंत्राने हाक द्यावी, दुसऱ्याने ओ द्यावी, हा नियम जॉन पोस्टेल यांनी १९८१ सालीच लिहून ठेवला होता. हाक आणि ओ यांमधला वेळ मोजावा, ही कल्पना डेव्हिड मिल्स यांच्या बोलण्यातून म्यूस यांना मिळाली होती. तिच्या आधारे त्यांनी एका रात्रीत आज्ञावली लिहिली. पाण्याखालच्या वस्तूंचा ठाव घेणाऱ्या यंत्राचा जो ध्वनी, तेच नाव तिला दिले. गंमत अशी, की पहिली हाक जाण्याआधीच मूळ बिघाड दुरुस्त झाला होता! म्यूस २००० साली वारले. त्यांचे हत्यार मात्र जगभर चालते आहे.

ते वापरायचे कसे? जवळून दूर जावे. पहिली हाक १२७.०.०.१ या पत्त्याला. ती तारेवर जातच नाही. आपलेच घर जागे आहे, एवढे कळते. मग ‘विंडोज’वर ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा देऊन आपला पत्ता आणि ‘गेटवे’, म्हणजे वेशीवरचे यंत्र, पाहून घ्यावे. दुसरी हाक वेशीला, तिसरी दूरच्या यंत्राच्या आकड्याला, चौथी त्याच्या नावाला. आकडा ओ देतो आणि नाव देत नाही, तर तार शाबूत आहे. नावावरून पत्ता सांगणारी व्यवस्था तपासावी.

एक मात्र ध्यानी ठेवा. ओ आली नाही म्हणजे यंत्र बंदच, असे नव्हे. काही यंत्रे सुरक्षिततेसाठी मुद्दाम गप्प राहतात.

शाळेतले जाळे अडले, की ‘बंद आहे हो’ म्हणून दिवस दवडणे निराळे, आणि ‘वेशीपर्यंत हाक पोचते, पुढे पोचत नाही’ असे दुरुस्ती करणाराला सांगणे निराळे. अर्धे काम तेथेच होते.